सोबतीने बघितलेले तास

डिसेंबर संपत आला की आमच्या हेरॉन पोर्टेजमध्ये दोन प्रश्न उरतात. तळ्यावरचा बर्फ गाडी पेलण्याइतका जाड झाला का, आणि एइनो साल्मेलांचे तास झाले का. पहिल्याची काळजी सगळं गाव करतं. दुसऱ्याची एकटी मी.

तास म्हणजे लॉ सोसायटीचे, वकिलांना परवाने देणाऱ्या संस्थेचे तास. आमच्या ऑन्टारियो प्रांतात ज्याच्याकडे वकिलीचा किंवा पॅरालीगलचा परवाना आहे, त्याने दर वर्षी बारा तास काहीतरी नवं शिकायचं आणि वर्ष संपायच्या आत तसं कळवायचं. तुम्ही काल पास झालेले असा नाहीतर एइनोंसारखे सत्तरी ओलांडलेले, नियम सगळ्यांना एकच. नाही कळवलं तर आधी नोटीस येते, मग दंड, आणि तरीही ढिम्म बसलात तर परवाना बंद. एइनो आमच्या गावातले एकुलते एक वकील. मी त्यांची सेक्रेटरी, डोरीन. माझ्याकडे कसलाही परवाना नाही. फाइली, फोन, कॉफी आणि एइनोंचा स्वभाव, एवढं सांभाळते.

आधी ही तासांची कटकट हेल्मी बघायची, त्यांची बायको. वसंतात रस्ते मोकळे झाले की ती त्यांना गाडीत कोंबून थंडर बे शहरात न्यायची. ते तिथे वकिलांच्या सभेत बसून पेंगायचे, ती लोकरीची दुकानं पालथी घालायची, आणि परतताना दोघं कुठेतरी तळलेला मासा खाऊन यायचे. तास पण झाले आणि सहल पण झाली. या वर्षी रस्ते मोकळे व्हायच्या आधीच हेल्मी गेली. रात्री झोपली ती सकाळी उठलीच नाही.

तेव्हापासून एइनो माझ्या आधी ऑफिसात येऊन बसलेले असायचे, अंगातला कोटही न काढता. काम करायचे, चोख करायचे, पण कुणावर ओरडायचे नाहीत. शनिवारी त्यांच्या घराच्या मागच्या सॉनातून, म्हणजे वाफेच्या न्हाणीघरातून, धूर निघणं बंद झालं. फिनिश माणूस शनिवारी सॉना तापवत नाही म्हणजे काय, हे आमच्या गावात कुणाला सांगावं लागत नाही. शेजारपाजारचे मला विचारायचे, मी म्हणायचे, बघते. काय बघणार होते, कपाळ?

आणि ती किल्ली. हेल्मीच्या विणकामाच्या पिशवीत त्यांना एक पितळी किल्ली सापडली होती, लाल लोकरीचा गोफ बांधलेली. घराला लागली नाही, सॉनाला लागली नाही, होडीच्या शेडला नाही, तळ्यापलीकडच्या झोपडीलाही नाही. एकदा तर त्यांनी ती ऑफिसातल्या तिजोरीलाही लावून पाहिली, जिचं कुलूप आकड्यांचं आहे.

"कशाची असेल गं डोरीन?" ते विचारायचे.

"टाकून द्या ना," मी म्हणायचे.

"हेल्मीने उगाच काही जपलं नसतं," असं म्हणून ते ती परत खिशात घालायचे.

तर तास. सबंध उन्हाळा मी त्यांच्या मागे लागले, त्यांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. शेवटी नोव्हेंबरात कुठे त्यांनी रेकॉर्ड केलेली व्याख्यानं विकत घेतली आणि मागच्या खोलीत गुडघ्यांवर घोंगडी टाकून बघायला बसले. दाराआडून मला त्यांचा आवाज यायचा. "चूक! साफ चूक! अरे बाबा, तू कधी कोर्टाची पायरी तरी चढलायस का?" इतक्या महिन्यांनी ते कुणावर तरी खेकसत होते. मी बाहेर बसून गालातल्या गालात हसायचे.

नाताळाच्या आदल्या आठवड्यात ते छाती काढून बाहेर आले. "बारा. मोजून बारा. चल, कळवून टाकू."

कळवायचं त्यांनीच असतं, पण कॉम्प्युटरशी त्यांचं वाकडं, म्हणून मी शेजारी बसते आणि ते एका बोटाने टायपतात. व्याख्यानं कशी बघितली, असा प्रश्न आला. रेकॉर्ड केलेली. सहकाऱ्याबरोबर की एकट्याने? एकट्याने. आणि तिथेच घोडं अडलं. रेकॉर्ड केलेलं एकट्याने बघितलं तर त्यातले सहाच तास धरतात. शेजारी दुसरा परवानेवाला बसला असेल तर सगळे. दोघांनी मिळून बघितलं की बोलणं होतं, वाद होतो, तेव्हा कुठे ते शिकणं, असं त्यांचं म्हणणं. एवढी वर्षं एइनो सभांना जायचे, तेव्हा हा नियम आमच्या वाटेलाच आला नव्हता.

"म्हणजे सहा गेले?" एइनो म्हणाले.

"गेले."

"एकट्याने बघितले म्हणून?"

"हो."

"आता मी दुकटा कुठून होऊ?" ते म्हणाले. मी कॉफी आणायच्या निमित्ताने उठले.

परत आले तर ते कोटाची बटणं लावत होते. "राहू दे, डोरीन. जाऊ दे तो परवाना. पुरे झालं आता."

त्यांनी स्टेपलर भिंतीवर मारला असता तर मी निश्चिंत झाले असते. त्यांनी तो जागेवर ठेवला, दिवा मालवला आणि हळू आवाजात गुड नाइट म्हणाले. मला सरळ दिसत होतं पुढे काय होणार ते. माझी नोकरी जाईल, ते जाऊ दे, मला किराणा दुकानातही कुणी ठेवून घेईल. पण या माणसाला सकाळी उठून जायला दुसरी जागा नव्हती. ऑफिस बंद झालं असतं तर वसंतापर्यंत त्यांनाही आम्ही हेल्मीच्या शेजारी नेऊन ठेवलं असतं.

दुसऱ्या दिवशी मी म्हटलं, "मी बसते तुमच्या शेजारी. उरलेले बघून टाकू."

"तू धरली जात नाहीस," ते म्हणाले. खरंच होतं, तरी टोचलं. अख्खं आयुष्य या माणसाच्या फाइली लावल्या आणि मी सहकारी नाही!

नाताळाच्या आठवड्यात थेट व्याख्यानं कोण देणार? थंडर बेचा रस्ता बर्फाने दोनदा बंद झालेला. राहता राहिला एकच परवाना, आमच्या खिडकीतून रोज दिसणारा, रस्त्यापलीकडचा. ओडील शार्बोनो, पॅरालीगल.

पॅरालीगल म्हणजे वकील नव्हे, पण भाडेकरूंची भांडणं, गाड्यांचे दंड, छोटे दावे, यांसाठी त्यांना स्वतःच्या परवान्यावर उभं राहता येतं. हा परवाना नव्याने सुरू झाला तेव्हा एइनोंनी आमच्या साप्ताहिकात पत्र लिहिलं होतं: अर्धा वकील म्हणजे अर्धी होडी, बसायला मिळेल पण पलीकडे कुणी पोचणार नाही. गावात तेव्हा होणारा पॅरालीगल एकच होता. रोख कुणावर ते सगळ्यांना कळलं, ओडीललाही कळलं. तेव्हापासून दोघांत शब्द नाही. छोट्या दाव्यांत आमनेसामने आले की बोलायचं ते न्यायाधीशांकडे बघून. "समोरच्या बाईंना सांगाल का," हे म्हणणार, आणि ती, "त्या गृहस्थांना कळवा." न्यायाधीश बिचारे टेनिस बघितल्यासारखे मान वळवत बसायचे.

मी बटाट्याच्या पिरोगींचा, म्हणजे सारण भरून उकडलेल्या करंज्यांचा डबा घेऊन ओडीलकडे गेले. आम्ही दोघी कर्लिंगच्या, बर्फावर दगड सरकवायच्या खेळाच्या, एकाच संघात आहोत, त्यामुळे मला तिच्यापुढे आढेवेढे घ्यावे लागत नाहीत.

"माझे तास जानेवारीतच उरकतात," सगळं ऐकून ती म्हणाली. "मी काय एइनो आहे, शेवटच्या आठवड्यात शेपटीला आग लागेपर्यंत थांबायला?"

"तुझे झालेत गं. त्यांच्यासाठी बस."

"अर्धी होडी त्याला चालेल?"

"ओडील, सोड आता."

"मी का सोडू? त्याने यावं आणि विचारावं."

"ते नाही येणार."

"मग जाऊ दे परवाना." तिने एक पिरोगी तोंडात टाकली. "काय म्हणाला तो, सहा गेले म्हटल्यावर? छप्पर उडालं असेल तुमचं."

"राहू दे म्हणाले."

"ओरडला नाही?"

"नाही."

"काही फेकलं नाही?"

"स्टेपलर जागेवर ठेवला. गुड नाइट म्हणाले."

ओडीलने चावणं थांबवलं. चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि आमच्या खिडकीकडे बघितलं. "उद्या दुपारी," ती म्हणाली. "इथे, माझ्या ऑफिसात. रस्ता त्याने ओलांडायचा. दार त्याने वाजवायचं. आणि कॉफी तू आण, त्याच्या हातची मी पिणार नाही."

एइनोंना तयार करणं त्याहून अवघड गेलं. "त्या बाईच्या ऑफिसात? मी? मेलो तरी नाही."

मग मात्र माझं डोकं फिरलं. "मरायचंच आहे तर सरळ सांगा ना! परवाना सोडलात की सोमवारी सकाळी जाणार कुठे तुम्ही? कोट घालून स्वयंपाकघरात बसणार? हेल्मी असती तर कान धरून नेलं असतं तुम्हाला पलीकडे. मी कान धरू शकत नाही, मी नुसती नोकर आहे, पण माझ्या डोळ्यांदेखत हे असं नाही चालायचं!"

मग त्यांनी खाली बूट बघितले आणि विचारलं, "टाय लावू का?"

लावला. रस्ता ओलांडला. दार वाजवलं. ओडीलने उघडलं आणि घड्याळाकडे बघितलं. "उशीर केलास."

"बर्फ आहे," एइनो म्हणाले.

एवढ्या वर्षांनंतरचं संभाषण ते एवढंच. दोघं सोफ्याच्या दोन टोकांना बसले, मध्ये ओडीलचं ऑफिसातच राहणारं मांजर, आणि मशीन चालवायला मी. पहिल्या दुपारचा विषय भाडेकरूंचा कायदा. थोड्याच वेळात एइनोंना राहवेना. "चूक! साफ चूक! एवढी लांब मुदत कुणी दिली यांना?"

"कायद्याने," ओडील पडद्याकडे बघत म्हणाली. "बदललाय तो. तू झोपला असशील."

"थंडर बेला सांगितलं होतं का हे?"

"सांगितलं होतं. तू दुसऱ्या रांगेत घोरत होतास. तास झालेले असले तरी सभेला मी जाते, तुझ्या मागेच होते."

मी पटकन व्हिडिओ थांबवला, कारण हसू आवरेना. दोघांनी मिळून मला झापलं. मला एवढं बरं वाटलं म्हणून सांगू.

मधल्या सुट्टीत एइनो बाथरूमला गेले ते लवकर बाहेर येईनात. तिथे काय आहे ते मला ठाऊक होतं: त्यांचं साप्ताहिकातलं पत्र, बरोबर बसल्यावर नजरेसमोर येईल असं, चौकट करून लावलेलं. ओडील कॉफी ढवळत राहिली. अखेर ते बाहेर आले, हात पुसत.

"चौकट चांगली आहे," ते म्हणाले.

"ओकची आहे. खर्च केलाय मी."

"पत्र मात्र..." ते थांबले. "वाईट लिहिलंय."

"भाषा चांगली होती," ओडील म्हणाली. "त्याचाच जास्त राग आला." आणि तिने पिरोगींचा डबा त्यांच्याकडे सरकवला.

दुसऱ्या दिवशी त्यांनी दार वाजवलं तेव्हा वेळेच्या आधी आले होते. त्या दिवशीचा विषय व्यावसायिक जबाबदारी. बारापैकी तीन तास तो असावाच लागतो, आणि तो सगळ्यांनाच कंटाळवाणा वाटतो. पडद्यावर एक तरुण मुलगी होती, टोरंटोची असावी, तिच्या मागे उंच इमारती. एकट्याने ऑफिस चालवणाऱ्यांनी आपल्या पश्चात काय व्यवस्था करावी, हे ती हसऱ्या चेहऱ्याने सांगत होती. मग ती म्हणाली, "आता व्हिडिओ थांबवा आणि शेजारच्या सहकाऱ्याशी बोला. उद्या सकाळी तुम्ही उठला नाहीत, तर तुमच्या ऑफिसचं दार कोण उघडेल?"

मी थांबवला. माझीच पंचाईत झाली. त्या मुलीला काय माहीत, तिच्यासाठी तो एक प्रश्न होता. एइनो हातातल्या कपाकडे बघत होते. पुढे ढकलून टाकावा का, असं माझ्या मनात आलं, तेवढ्यात ओडील बोलली.

"माझी सोय केलेली होती. आता नाही राहिली."

"का?" एइनोंनी विचारलं, विचारायचं म्हणून.

"जिच्याकडे किल्ली होती ती गेली."

"कोण?"

"हेल्मी," ओडील म्हणाली.

एइनोंनी कप खाली ठेवला. "हेल्मी कुठली? माझी हेल्मी?"

"गावात दुसरी कोण होती? दर गुरुवारी ती विणायला कुठे जायची असं वाटत होतं तुला?"

"चर्चमध्ये."

"चर्च गुरुवारी बंद असतं, एइनो. या सोफ्यावर बसायची. तू बसलायस तिथे. वेलची घातलेला तिचा तो गोड पाव घेऊन यायची, आणि आम्ही दोघी मिळून तुझ्या नावाने बोटं मोडायचो. मला ना मूल ना माणूस. मी म्हटलं, हेल्मी, एखाद्या सकाळी माझा दिवा लागला नाही तर दार उघड, मांजराला बघ आणि लॉ सोसायटीला फोन कर. तुला सांगायला मीच नको म्हटलं होतं. ती दरवेळी म्हणायची, मी सांगून टाकते, तो वाटतो तेवढा वाईट नाही." ओडीलने चष्मा पुसला. "दफनाच्या दिवशी मी मागे उभी होते. तुझ्याजवळ यायचं होतं. नाही जमलं मला."

एइनोंनी खिशात हात घातला. मग लाल गोफाची ती पितळी किल्ली त्यांनी मांजराच्या शेजारी सोफ्यावर ठेवली.

"मी ही सगळीकडे लावून बघितली," ते म्हणाले.

मी रडत होते, ते उघडच आहे. ओडीलने किल्ली उचलली, गोफावरून अंगठा फिरवला. मला वाटलं, आता ठेवून घेईल. तिची होती ती. तिने ती एइनोंच्या तळहातावर ठेवली आणि त्यांची बोटं मिटली.

"दार उघडायला परवाना लागत नाही," ती म्हणाली, "पण फाइली बघायला लागतो. हेल्मीला त्या बघता आल्या नसत्या, तुला येतील. परवाना आहे ना तुझ्याकडे?"

एइनोंनी घसा खाकरला. "थोडे तास उरलेत."

"मग तोंड काय बघतोयस? डोरीन, लाव गं ते."

मी लावलं. संध्याकाळी अंधारून आल्यावर आम्ही तिथेच बसून कळवून टाकलं. सहकाऱ्याबरोबर, असं एइनोंनी एका बोटाने निवडलं आणि पुढचं बटण दाबायच्या आधी ओडीलकडे बघितलं. ती मांजराला खायला घालत होती. त्या शनिवारी त्यांच्या सॉनातून धूर निघाला. मला तीन जणांनी फोन करून कळवलं, जसं काही मला दिसत नव्हतं.

खरी गंमत पुढेच आहे. फेब्रुवारीत थंडीने कहर केला होता. सकाळी मी ऑफिसात आले तर एइनो खिडकीत उभे. आता ते रोजच उभे असतात, रस्त्यापलीकडचा दिवा लागेपर्यंत. त्या दिवशी तो लागला नव्हता.

"झोपली असेल," मी म्हटलं.

"ती झोपत नाही," ते म्हणाले आणि निघालेच. कोट नाही, टोपी नाही, ऑफिसात घालायच्या चपलांवर गुडघाभर बर्फातून. मी खिडकीतून बघत होते, जीव मुठीत धरून. त्यांनी दाराशी जाऊन किल्ली काढली, लावली आणि आत गेले. दिवा लागला.

तेवढ्यात ओडीलची गाडी कोपऱ्यावरून आली. रात्री इंजिन गरम ठेवणारा गाडीचा हीटर प्लगला लावायला विसरली होती, इंजिन गोठलं होतं, एवढंच. तिचं ओरडणं मला काचेतून इकडे ऐकू आलं. माणसाला अक्कल आहे का, न्युमोनियाने मरायचंय का, आणि माझ्या कार्पेटवर हे पाणी कुणी केलं!

एइनो परत आले तेव्हा मोजे चिंब झाले होते आणि नाक लाल. मी टॉवेल घेऊन तयारच होते, चार शब्द सुनवायलाही. पण त्यांनी मला बोलूच दिलं नाही. हात पुढे करून ती किल्ली मला दाखवली.

"लागते, डोरीन," ते म्हणाले. "एका झटक्यात लागते."